दहा फुटांवरून

गुढियारीतल्या टीव्हीच्या दुकानातल्या त्या सेल्समनचं नाव मी विचारलंच नाही. माझी पोट्टी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून व्हिडिओगेमवर गाड्यांच्या शर्यती खेळायची. तिच्यासाठी सगळ्यात बारीक तपशील दाखवणारा फोर-के टीव्ही हवा, असं मी त्याला सांगितलं. माझी बोली ऐकून तो हिंदीवरून मराठीवर आला. त्याने एक फोर-के आणि एक साधा एचडी अशा दोन टीव्हींवर एकच शर्यत लावली आणि मला स्टुलावर बसवलं.

"घरी किती दुरून पाहता, काकाजी?"

"दहा फूट. माझी खुर्ची दाराजवळ असते."

पावलं मोजत त्याने स्टूल तेवढं मागे नेलं. "आता सांगा, फोर-के कोणता?"

मी चुकीचा दाखवला. तो हसला नाही. बाहीने पडदा पुसत म्हणाला, "इतक्या दुरून साधा एचडीच घ्या. फरक पाहाचा असन तर पोट्टीच्या बाजूले जाऊन बसा लागन."

मी हट्टाने फोर-केच घेतला. खुर्ची मात्र हलवली नाही. "पापा, आओ ना, दूसरा कंट्रोलर है," ती म्हणायची. "हव, आलो," म्हणून मी पेपर वाचत राहायचो.

ती आता पुण्यात नोकरी करते. परवा खुर्ची ओढून मी टीव्हीजवळ बसलो, तिची शर्यत लावली. जवळून रस्त्यावरची खडीसुद्धा दिसते.