आईचं बोट आणि मी गाळलेलं वाक्य

माझ्या आईच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख तिनं कधी वाढू दिलं नाही. आठवड्यातून दोनदा ती ते पाट्याच्या कडेवर घासून गुळगुळीत करायची. बाकीच्या नखांत काजळी असो की शेण, तिचं तिकडे लक्ष नसे. या एका बोटाचे मात्र फार लाड.

त्याला कारण होतं. आमच्या प्रकाशा गावात कुणाच्या पोराचा घसा धरला, गिळवेना झालं, की त्याला उचलून आमच्या ओट्यावर आणत. आई पोराला दोन गुडघ्यांत घट्ट धरायची आणि डोकं मागे टेकवायची. वाटीत चुलीतली चाळलेली राख आणि भाजलेल्या तुरटीची पूड असायची. त्यात बोट बुडवून ती ते सरळ घशात घालायची, दोन्हीकडच्या गाठी दाबायची, पडजीभ उचलायची आणि बोट एकदा गोल फिरवून बाहेर काढायची. पोर ओकायचं, बोंबलायचं, तिला कडकडून चावायचं आणि घटकाभरानं भाकरी मागायचं. कळसाडीहून लोक गाडी जुंपून यायचे. आई कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. घेतलं तर हाताचा गुण जातो, म्हणायची. सगळं गाव तिला मोठी माय म्हणे.

मी तिची एकुलती एक मुलगी. लवकर विधवा होऊन माहेरी आले होते आणि धुळ्याला ट्रेनिंग करून गावातल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले होते. चार बुकं शिकल्याचा माज अंगात होता, नाही असं नाही. मी आईला चिडवायची, की घसा तीन दिवसांत आपोआप बरा होतो, तुझं बोट फुकट भाव खातं.

"मंग तू तीन दिन थांब, नि पोरनं रडनं ऐक," ती म्हणायची.

एकदा मी तिला म्हटलं, की एका पोराच्या तोंडातून काढलेलं बोट दुसऱ्याच्या तोंडात घालायच्या आधी धूत तरी जा. ती खरोखर दुखावली. बोट ती दरवेळी राखेत बुडवत होती, आणि राखेहून शुद्ध काय असतं? भांडी आपण कशानं घासतो? आमच्या घरची भांडी खरोखरच राखेनं लखलखत असत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ती थंडी. कापूस वेचायचे दिवस होते. माझ्या पहिलीच्या वर्गातल्या मुली एकेक करून यायच्या थांबल्या. कापूस वेचायला नेल्या असतील म्हणून मी हजेरीत गैरहजर लिहीत राहिले. खरं म्हणजे त्या आमच्याच ओट्यावर येऊन जात होत्या, मी शाळेत असताना.

आईनं एका संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं, की यंदाचा घसा वेगळाच आहे. "गयामा दही जमेल शे," ती म्हणाली. पांढरं, चिकट. बोटानं खरवडलं की निघतं, थोडं रक्त येतं, पण पोराला श्वास मोकळा होतो. ते सांगताना ती खूश होती. श्वास मोकळा होताना तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. तिसऱ्या दिवशी त्यातल्या पहिल्या मुलीची मान सुजून बैलासारखी झाली आणि ती गेली. मग दुसरी गेली. मग एक मुलगा.

शहाद्याच्या दवाखान्याचा डॉक्टर बैलगाडीनं आला आणि त्यानं माझ्या शाळेतच ठाण मांडलं. देशावरचा तरुण माणूस, हाडं मोजून घ्यावीत असा, आणि बोलणं छापील पुस्तकासारखं. कपाळावर गोल आरसा बांधून तो दाराकडे पाठ करून बसलेल्या मुलांच्या तोंडात उजेड पाडायचा आणि चमच्यानं जीभ दाबायचा. आमची भाषा त्याला कळेना. आमच्याकडे गळ्याला गया म्हणतात. एक बाई पोराला पुढे करून रडत म्हणाली, "पोऱ्याना गया..." आणि डॉक्टरनं चमचा खाली ठेवून गंभीरपणे विचारलं, "कधी गेला?" पोरगा समोर उभा होता. मला हसू आवरेना, आणि तशा दिवसांत हसल्याची लाजही वाटली. त्यानंतर दुभाषाचं काम माझ्याकडे आलं.

त्यानं मला आरशाच्या उजेडात तो पांढरा पापुद्रा दाखवला आणि रोगाचं नाव सांगितलं, घटसर्प. सिरमची इंजेक्शनं त्याच्याकडे मोजकीच होती. ती त्यानं ज्यांना दम फार लागला होता त्यांना दिली, आणि त्यातली बरीच पोरं वाचली. त्यांच्यातली काही आज नातवंडांची धनी आहेत.

मग त्यानं आयांना विचारलं, की या घशांना आधी कुणी हात लावला होता का. सगळ्या एका सुरात, अभिमानानं म्हणाल्या, "मोठी मायनी."

आईला बोलावलं. ती पाय धुऊन, डोक्यावर पदर नीट घेऊन आली आणि येताना राखेची वाटी घेऊन आली. डॉक्टरला आपली विद्या पाहायची आहे असं तिला वाटलं होतं. त्यानं तिचा हात हातात घेतला, त्या बोटावरचे दातांचे व्रण पाहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, यांना स्पष्ट सांगा. यांच्या बोटामार्फत संसर्ग झाला आहे. एका मुलाचे जंतू दुसऱ्याच्या घशात यांनीच नेले. यापुढे यांनी कुणाच्याही तोंडात बोट घालायचं नाही. कधीही नाही."

संसर्ग आणि जंतू हे शब्द आईनं जन्मात ऐकले नव्हते. सगळ्यातलं तिला एक बोट तेवढं कळलं. तिचा चेहरा फुलला.

"काय सांगस व तो?" तिनं मला विचारलं.

माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. वर्गात मी खोटं बोलणाऱ्या मुलींना उन्हात उभं करायची. पण त्या घटकेला मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. मी म्हटलं, "डाक्टर सांगस, थोडा दिन कोनाच गयामा बोट नको घालू. थंडी सरू दे."

"मंग चाली ना?"

मी मान हलवली. डॉक्टरला वाटलं, मी सगळं सांगितलं. तो वाटीतली राख बाहेर फेकून शहाद्याला परत गेला.

संक्रांत झाली. उन्हात थोडी ऊब आली. गावात नवीन घसा निघाला नव्हता, आणि सगळ्यांनाच वाटलं की गेलं एकदाचं. आमच्या शेजारी एक बाई होती, तिला उशिरा झालेली तीन वर्षांची मुलगी. डॉक्टर येऊन गेल्यापासून त्या पोरीनं गावाला पिडलं होतं. हातात वाढायचा डाव घेऊन ती दिसेल त्याला "आ कर" म्हणायची, आणि तोंड उघडल्याशिवाय वाट देत नसे. गावच्या पाटलालाही तिनं आ करायला लावलं होतं. माझ्या आईला ती दिवसातून दहा वेळा तपासायची, आणि आईही तोंड उघडून बसायची.

एका दुपारी मी शाळेत असताना खालच्या आळीतला एक मुलगा आमच्या ओट्यावर आला. घसा किंचित लाल, खेळत-बागडत होता. आईनं बोट घातलं. त्याच्या मागोमाग शेजारीण पोरीला घेऊन आली. पोरीला नुसतं पडसं झालं होतं आणि ती जेवायला नाही म्हणत होती. आईनं बोट राखेत बुडवलं आणि तिच्याही घशातून फिरवलं. मी घरी आले तेव्हा आईनं मला स्वतःहून सांगितलं. "थोडा दिन व्हई ग्यात ना," ती म्हणाली.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. त्याच पावली पोरीला शहाद्याला न्यायला हवं होतं. मी स्वतःची समजूत घातली की पडसंच तर आहे. मुलगा खेळत राहिला, त्याला काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी शेजारणीनं मला हाक मारली. पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

गाडीत ती माझ्या मांडीवर होती. तिची आई शेजारी बसून बैलांना शिव्या देत होती. प्रकाशा ते शहादा वाट काही फार नाही, पण त्या दिवशी ती सरेना. दवाखान्यातलं सिरम संपलं होतं, धुळ्याहून मागवलेलं यायचं होतं. डॉक्टरनं गळ्याला खालून भोक पाडून नळी बसवली. शिट्टी थांबली, आणि पोरीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, वाचली. दुपारी तिचं हृदय बंद पडलं.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाला, "तुमच्या आईनं पुन्हा बोट घातलं ना? तुम्ही सांगितलं होतं की नाही त्यांना?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. ती चुलीपुढे बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, आमच्या भाषेत, एकही शब्द न गाळता. घशातलं विष, पोर खेळतं-बागडतं असलं तरी, बोटाला लागतं, राखेनं जात नाही, आणि दुसऱ्या पोराच्या घशात उतरतं. 

"पहिल्या येळलेच त्यानी हाई सांगेल व्हतं का?"

"हो."

तिनं चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तुले मन्ही दया उनी. त्या पोरनी नही उनी."

ती उठली आणि बाहेर पडली. मी मागे गेले. जिथं जिथं पोर गेलं होतं त्या प्रत्येक घराच्या अंगणात ती उभी राहिली आणि म्हणाली, की माझ्या बोटानं तुमचं पोर गेलं. कुणीही ते मानलं नाही. एका म्हातारीनं उलट तिलाच पाणी दिलं. दुःखानं मोठी मायचं डोकं फिरलं, असं लोक माझ्याकडे पाहून खुणावत होते. मला वाटत होतं, कुणीतरी तिला शिव्या द्याव्यात, म्हणजे ती थांबेल.

शेवटी ती शेजारणीकडे आली. शेजारीण भिंतीला टेकून बसली होती.

"मन्हा बोटघाई तुन्ही पोर गई," आई म्हणाली.

"आसं नको बोलू, मोठी माय. देवनी लई लिधी तिले."

"देवनी नही. डाक्टरनी माले सांगेल व्हतं, बोट नको घालू म्हनीसन."

तेव्हा शेजारणीनं पहिल्यांदा मान वर केली. तिनं आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीन, तू व्हती ना तठे? तुनी मायले समजाडीसन सांगं नव्हतं का?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी आई बोलली.

"तिनी सांगं व्हतं. समदं सांगं व्हतं. मीच नही ऐकं."

शेजारीण उठून घरात गेली आणि तिनं आतून कडी लावली. त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत शेजारीण तिच्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी मात्र नीट बोलायची, पाडव्याला ताट पाठवायची. लेकीनं एवढं बजावूनही मोठी मायनं ऐकलं नाही, असंच गाव म्हणत राहिलं, आणि मी त्यांना म्हणू दिलं.