चार करायचा दगड

बहिणीसाठी मुरबाडकडचं एक स्थळ आलं होतं. घर बघायला बाबा, मामा आणि मी असे तिघं निघालो, तर आईने दारातच अडवलं.

"तिघं जाऊ नका रे. तीन तिगाडा, काम बिगाडा. एक दगड तरी घे गो पिशवीत."

आमच्याकडे ही रीतच आहे. चांगल्या कामाला तिघं निघाले की दगड घेऊन चार करायचे. आता मी शहापूरला सहावीच्या पोरांना गणित शिकवते. त्याच आठवड्यात चिंचोके मांडून मूळ संख्या समजावल्या होत्या. बारा चिंचोक्यांच्या दोन, तीन, चार, सहा अशा सारख्या ओळी लागतात, म्हणून बारा संयुक्त. सातांची मात्र लांबच लांब एकच ओळ होते, म्हणून सात मूळ. एक हा ना मूळ ना संयुक्त. दोन सम असूनही मूळ, आणि सम संख्यांत तेवढा एकटाच. पोरांना हे पटलं, आणि घरात बिचाऱ्या तिनाला अजून पनवती ठरवतात! माझं डोकंच फिरलं.

"आई, तीन मूळ संख्या आहे. तिचे सारखे भाग पडतच नाहीत. चाराचे लगेच दोन-दोन होतात. म्हणजे दगड घेतला तर फुटायची सोय आपणच करायची."

"तुझं गणित शाळेत ठेव," म्हणत तिने दगड पिशवीत टाकलाच.

बहीण शहापूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नोकरी सोडणार नाही, ही तिची एकच अट, आणि ती मी तिथे सांगायची असं तिने मला बजावलं होतं. बाबा आणि मामा म्हणत होते, पहिल्याच भेटीत नको, नंतर बघू.

घर चांगलं होतं. मुलाच्या आईने आम्हाला तिघांना पाहिलं आणि पोह्यांच्या चार बशा आणल्या. मी मुकाट्याने दगड काढून चौथ्या बशीशेजारी ठेवला. सगळे हसले. बाई मला आवडली, खोटं कशाला बोलू? म्हणूनच धीर करून मी नोकरीचं काढलं.

"नोकरी कशाला गो? आमच्याकडं काय कमी हाय?" ती हसतच म्हणाली.

मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत राहिला. मामाने मला डोळ्यांनी दटावलं.

 बाबा बशी खाली ठेवून म्हणाले, "पोरगी नोकरी सोडणार नाय. तुमाला चालत असंल तर कळवा."

कुणी काही कळवलं नाही.

घर बघून परतलो त्या संध्याकाळी बहीण ड्यूटीवरून आली ती थेट माझ्यापाशी. "विचारलंस?"

"मी विचारलं. सांगितलं बाबांनी."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग रडायला लागली. स्थळाबरोबर आलेल्या फोटोतला मुलगा तिला आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. अट मात्र तिने बदलली नाही.