हळदीतून पुसलेला हात

"ए, तू नगं लावू. कोंडा पडंल हळदीत."

सोनपेठजवळच्या आमच्या गावात धाकट्या बहिणीची हळद होती. नवरदेवाच्या अंगाला लागलेली उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बायका आल्या होत्या. मी वाटीत बोटं बुडवली, बहिणीच्या गालाकडं हात नेला, तोच नवरदेवाच्या आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. धरलं तेही पदरानं. बागायती घरच्या बाई, आवाज मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा. सगळ्या बायका बघायला लागल्या. फोटोग्राफरनं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

मला जन्मापासून इक्थिओसिस आहे. सगळ्या अंगावर माशासारखे खवले. रोज गळतात, रोज नवे येतात. घाम येत नाही, म्हणून उन्हाळाभर ओला टॉवेल पांघरून बसते. हा आजार कुणाला लागत नाही. डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलंय. तो कागद काय मांडवात वाचून दाखवायचा?

परक्या अंगाची उष्टी हळद चालते. सख्ख्या बहिणीचा हात चालत नाही. हे आज सुचतंय. तेव्हा मी "बरं" म्हणाले. घरात जाऊन साबणानं हात धुतले. कशासाठी, देव जाणे. आई मागं आली. "मनावर नगं घेऊ. लग्न मोडंल," म्हणाली.

पण खरी लाज पुढंच आहे.

मी परभणीत एका फोटो स्टुडिओत कामाला होते. आतल्या खोलीत, कॉम्प्युटरवर. मालक मला गिऱ्हाइकासमोर बसवत नसत. लोकांचे मुरूम पुसायचे, रंग उजळायचा, अल्बम लावायचे. बहिणीच्या लग्नाचा अल्बम माझ्याकडंच आला. त्यात तो फोटो. तिचा गाल, माझी पिवळी बोटं, खवल्यांचा हात, मनगटावर पदर. कुणी काहीही सांगितलं नव्हतं. मीच माझा हात पुसला, पदरासकट. सावकाश, निगुतीनं. त्या जागी मांडवाची झालर आणून बसवली. मालक मागून बघत म्हणाले, "एक नंबर सफाई." आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना मान वर होत नाही, पण वाटलं.

बहीण माहेरी आली. अल्बम बघता बघता त्या पानावर थांबली.

"अक्का, हितं तुजा हात व्हता."

"आत्याबाईंना आवडला नसता."

"कुणी पुसला?"

मी पान उलटायला गेले. तिनं अल्बम मिटला. म्हणाली, "त्यायनी मनगटच धरलं. तू तर हातच ठेवला न्हाईस."

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मोबाईल स्वतःकडं वळवला. सकाळी चादरीवर पडलेला कोंडा. पाठीला खोबरेल चोळणारी आई. फुटलेल्या टाचा. ओला टॉवेल. एकही फोटो साफ केला नाही. काही फोटो हललेले आहेत. असू देत.

हळदीच्या फोटोची मूळ फाईल होतीच. बहिणीला विचारलं. "लाव," म्हणाली. मोठी प्रिंट काढून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली, नटलेल्या नवरींच्या फोटोंमधोमध. बाजूला माझे बाकीचे फोटो. खाली आजाराचं नाव, आणि 'हा हात माझा आहे.'

"गिऱ्हाईक पळंल. काढ ते," मालक म्हणाले.

"मी न्हाई काढनार."

त्यांनी काढले. मी फोटो गोळा केले आणि परत कामावर गेले नाही.

आता बहिणीच्या नणंदेची हळद आहे. आमंत्रण आलंय. आई म्हणते, जाऊ नको. मी जाणार. सगळे फोटो पिशवीत घेऊन जाणार. वाटीत बोटं बुडवणार, आणि आत्याबाई पुढं आल्याच तर हात मागं घेणार नाही. एवढंच सांगणार, मनगट धरायचं तर पदराविना धरा.