मामाची मांडी

मीनाक्षीबाईंच्या हातच्या सांबाराला कुंभकोणमात कधी कुणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर तो इसम दुसऱ्या दिवशी त्यांच्या पंगतीत दिसला नसता, इतकंच. त्यांचे यजमान कृष्णराव विड्याच्या पानांच्या मंडीत कारकून होते. मूलबाळ नव्हतं आणि घर मोठं होतं, म्हणून बाई चार-पाच परगावच्या माणसांना दोन वेळचं जेवू घालत. त्याला खाणावळ म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. पाहुणे पैसे देतात, एवढाच काय तो फरक, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं माहेर तिरुविडैमरुदूरचं. पूर्वज व्यंकोजीराजांच्या लष्कराबरोबर तंजावरला उतरले, ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा रिवाज तेव्हापासून चालत आलेला. एकदा पुण्याचे एक गृहस्थ देवदर्शनाला आले होते. बाईंचं बोलणं ऐकून ते कौतुकानं म्हणाले, की तुम्ही अगदी बखरीतलं बोलता हो. बाईंनी त्यांना दुसऱ्यांदा ताक वाढलं नाही. तमिळ त्या कुणाशीही बोलत. पण राग आला, की समोर कोण आहे याचा विचार न करता मराठीत शिरत. बाजारातले लोक त्यावरून ओळखत, की आता भाव उतरवलेला बरा.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात कारैक्कालची माणसं गावात यायला लागली. कारैक्काल म्हणजे समुद्रकाठचा एवढासा तुकडा. भोवतालचा मुलूख स्वतंत्र होऊन सात वर्षं झाली, तरी तिथे फ्रेंचांचाच झेंडा होता. तो उतरवा म्हणणाऱ्यांना तिथे राहणं कठीण झालं, तसे ते हद्द ओलांडून इकडे आले. काही जण छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरले, काही ओळखीपाळखीवर. सुंदरेश नावाचा एक किडकिडीत शाळामास्तर एका दुपारी कृष्णरावांच्या मागोमाग जेवायला आला आणि बाहेरच्या खोलीत राहिलाच.

त्याचा गुन्हा असा होता. एका खेड्यात सभेला गेलेल्या कुळांना तिथल्या जमीनदाराच्या गुंडांनी झोडपून काढलं आणि चौकीवर कुणी तक्रार घेईना. तेव्हा सुंदरेश भर बाजारात एका बाकावर चढला आणि कुणाला कुठे कशानं मारलं, ते नावानिशी सांगत सुटला. शेवटी त्यानं वेलायुधम नावाच्या म्हाताऱ्याला पुढे घेतलं आणि त्याचा कोपरात न वळणारा हात लोकांना दाखवला. याला मारायचा हक्क कुणाच्या बापाला नाही, एवढंच त्याचं भाषण. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावानं वॉरंट निघालं.

हे सगळं बाईंना कृष्णरावांकडून कळलं. सुंदरेश स्वतःबद्दल बोलत नसे. तो जेवत असे. बाईंना जेवणारी माणसं आवडत. शिवाय तो देव-धर्म, शकुन, मुहूर्त काही मानत नसे, त्यामुळे रोज वाद घालायला त्यांना माणूस मिळाला होता. तो त्यांना अक्का म्हणायचा. दोन महिन्यांत त्याला मराठी समजायला लागलं, कारण रोज एकदा तरी त्या त्याच्यावर चिडत.

आडी, म्हणजे तमिळ आषाढ, सरता सरता मात्र त्याच्या पानात भात उरू लागला. दोन दिवस बाईंनी आपल्या रस्समला दोष दिला. तिसऱ्या दिवशी त्या त्याच्यासमोर पाटावर बसल्या आणि काय ते सांग म्हणाल्या.

गोष्ट त्याच्या भाचीची होती. कारैक्कालला त्याची धाकटी बहीण शिवकामी, तिची ही एकुलती एक मुलगी. घरात तिला नुसती पाप्पाच म्हणत. तिचे कान टोचायचे होते. आता कान टोचायचे तर मामाच्या मांडीवर, हा तिकडचा नियम. मामा नाही तर कान नाहीत. शिवाय तिसरं वर्ष संपायच्या आत टोचायला हवेत, आणि ते संपत आलेलं. शिवकामीनं हट्ट धरला होता, की माझा भाऊ असताना दुसऱ्या कुणाच्या मांडीवर मी मुलगी देणार नाही. पानांच्या गाडीवाल्याबरोबर तिनं तसा निरोप धाडला होता. तिचा नवरा तिथल्या सरकारी कचेरीत. तिनं हद्द ओलांडून फरारी भावाची गाठ घेतली, तर नवऱ्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. आणि सुंदरेशनं हद्द ओलांडली, तर सरळ तुरुंग.

एवढंच असतं तर तो जेवला असता. पण तिकडून एक मध्यस्थही येऊन गेला होता. त्यानं सांगितलं, की सुंदरेशनं त्याच बाजारात, त्याच बाकावर उभं राहून म्हणावं, की मारहाण झाली नाही, मी खोटं बोललो. मग वॉरंट मागे घ्यायचं आपल्याकडे लागलं. अट कान टोचण्याइतकीच छोटी आहे, असं तो हसत म्हणाला होता. सुंदरेशनं त्याला हाकलून दिलं नव्हतं. विचार करतो म्हणाला होता.

बाईंनी त्याच्यासमोरचं उष्टं पान बाजूला सारलं. मग म्हणाल्या ते मराठीत.

"अरे, तूं खोटें म्हणटलास, तर त्या म्हाताऱ्याचा हात आपणाहून मोडला काय? त्याला मागें कोण पुसेल?"

सुंदरेश मान खाली घालून म्हणाला, की तेच मी रोज स्वतःला विचारतो आणि मग पाप्पाचे कान डोळ्यांपुढे येतात. बाई उठल्या. त्यांना रडू येत होतं आणि पंगतीत रडायची त्यांना सवय नव्हती. आत जाऊन त्यांनी कृष्णरावांना सांगितलं, की या पोराला माफी मागू द्यायची नाही आणि त्या पोरीचे कानही कोरे ठेवायचे नाहीत. कृष्णराव बरं म्हणाले. बाईंना बरं म्हणायची त्यांची तपश्चर्या जुनी होती.

पहिली युक्ती बाईंनी अशी काढली, की मामाच्या वतीनं मीच जाऊन बसते. सुंदरेश कित्येक दिवसांनी हसला. दुसरी युक्ती मात्र पक्की निघाली. पोरैयारच्या पलीकडे एका गावाजवळ हद्द एका कालव्यातून जाते. अलीकडचा काठ आपला, पलीकडचा फ्रेंचांचा, पाणी गुडघाभर. मध्याच्या थोडा अलीकडे धुण्याचा एक रुंद दगड आहे. सुंदरेशनं दगडावर बसायचं, शिवकामीनं पलीकडच्या काठावर उभं राहायचं. कुणी हद्द ओलांडायची नाही. ओलांडेल ती फक्त पाप्पा, आणि तिच्यावर वॉरंट नव्हतं.

मग दोघांनी कामं वाटून घेतली. दिवस बाईंनी काढायचा, वेळ सुंदरेशनं. बाईंनी पंचांग उघडून आवणीतला, म्हणजे पुढच्याच महिन्यातला, एक बुधवार शोधला. नक्षत्र असं, की त्या स्वतःवरच खूश झाल्या. सुंदरेशनं गाडीवाल्याकडून काढून घेतलं, की पलीकडच्या चौकीवरचा शिपाई बारा वाजता घरी जेवायला जातो आणि दीडच्या आत परतत नाही. बाईंनी माहेरच्या ओळखीनं महालिंग पत्तर नावाचा सोनार गाठला. त्याची सुई लागल्याचं मुलांना कळत नाही, अशी त्याची ख्याती होती.

बुधवारी सगळे पोरैयारला आगगाडीनं उतरून बैलगाडीनं कालव्यावर पोचले. बाईंनी दहीभाताचा मोठा डबा आणला होता. पलीकडे शिवकामी, तिची सासू आणि सासूच्या कडेवर पाप्पा, अशा तिघी येऊन उभ्या होत्या. नवऱ्याला त्या दिवशी सोयीस्कर ताप आला होता. शिपाई सायकलवर टांग टाकून निघून गेला. सुंदरेश पाण्यात उतरून दगडावर बसला. पत्तरानं सुई काढली, सूर्याकडे पाहिलं आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली.

"बुधवारचे बारा," तो म्हणाला. "राहुकाळ लागला."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बुधवारचा राहुकाळ बारा ते दीड, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्यांनी पाहिला होता दिवस. वेळ पाहिली होती सुंदरेशनं, आणि तो तर राहुकाळ मानतच नव्हता. दोघांनी एकमेकांचं काम एकदाही तपासलं नव्हतं. सुंदरेश दगडावरून गयावया करू लागला, की अहो, शिपाई येईल, उरका. पलीकडून सासू म्हणाली, की तुरुंगात गेलास तर सुटून येशील, पण राहुकाळात टोचलेला कान जन्मभर राहील. खरं सांगायचं तर मीनाक्षीबाईंनाही तसंच वाटत होतं. बंदुकीची भीती त्यांना होती, पण राहूची जास्त होती.

तेव्हा सगळे बसले. दुसरं काय करणार? दहीभाताचे द्रोण कालव्यातून पलीकडे गेले. पाप्पा मामाच्या मांडीवर बसून पाण्यात पाय बडवू लागली. चार महिन्यांत भावाबहिणींनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. आता काठावरून दगडावर आणि दगडावरून काठावर घरच्या गोष्टी चालल्या. आईचं दुखणं, गाईचं वासरू, शेजारणीचं लग्न. वेलायुधम अजून बाजारात भेटला, की मास्तर कसे आहेत म्हणून विचारतो, असंही शिवकामी म्हणाली. सुंदरेशनं पाप्पाला आणखी जवळ ओढून घेतलं. त्याच्या तोंडावरचं समाधान बघून बाईंना मनातल्या मनात राहूचे आभार मानावेसे वाटले.

तेवढ्यात शिपाई परतला. जेवण लवकर आटोपलं असावं. तोंडात विडा, खांद्याला बंदूक. त्यानं दगडावरचा माणूस ओळखला आणि बंदूक खांद्यावरून काढून हातात घेतली. मीनाक्षीबाई पदर खोचून पाण्याच्या कडेशी गेल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "मुलीचे कान टोचायचेत. राहुकाळ संपायची वाट बघतोय. तो संपला, की काय ते कर."

शिपायानं विडा थुंकला आणि सूर्याकडे पाहिलं. "अजून थोडा आहे," तो म्हणाला, आणि बांधावर बसला. तोही तिथल्याच मातीतला. अटक करायलाही ती वेळ चांगली नव्हती. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, मुलीला मामे किती. एकच, शिवकामी म्हणाली. आपल्याला बहिणी चार आहेत आणि या मांडीवर आजवर नऊ पोरं रडली आहेत, असं तो कंटाळल्यासारखं म्हणाला. पण सांगताना त्याचा हात मिशीवर गेला.

वेळ टळली तसा पत्तर पाण्यात उतरला. सुई दिसताच पाप्पानं अशी काही मान झटकायला सुरुवात केली, की सुंदरेशला ती आवरेना. शिपायानं बंदूक बांधावर ठेवली, विजार गुडघ्याच्या वर दुमडली, पाण्यात शिरून पोरीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. "साहेब फेरीला निघाले असतील," तो म्हणाला. "एक कान. मग पांगा."

उजवा कान टोचून झाला. पत्तराची ख्याती काही खरी नव्हती. पाप्पाची किंकाळी दोन्ही देशांत ऐकू गेली. रस्त्याच्या वळणावर सायकलची घंटा वाजली. शिपाई उडी मारून बंदुकीपाशी पोचला, शिवकामी पोरीला घेऊन शेतात शिरली आणि अलीकडची मंडळी बैलगाडीत. डबा कालव्याच्या काठावरच राहिला.

परतीच्या गाडीत मीनाक्षीबाई धास्तावल्या होत्या. एक कान टोचलेला आणि एक कोरा; हे असलं अर्धवट काम पाहून पोराचा जीव आणखी तुटणार आणि तो माफी मागायला उठणार, असं त्यांना वाटत होतं. सुंदरेश खिडकीबाहेर बघत होता. मायावरम यायच्या सुमारास तो म्हणाला, "अक्का, दुसरा कान झेंडा उतरल्यावर घरी टोचू. बाकावर चढायची गरज नाही." रात्री त्यानं तीनदा भात घेतला.

पलीकडे मात्र त्या अर्धवट कामाचा बोभाटा झाला. पाप्पाच्या एका कानात सोन्याची बाळी आणि दुसरा मोकळा. कुणी विचारलं, की शिवकामी सांगायची, दुसरा माझा भाऊ आल्यावर. नळावर, देवळात, बाजारात बायका विचारत आणि ती सांगे. मास्तर शब्द फिरवणार नाही, हे त्यावरून गावाला कळलं; मध्यस्थ पुन्हा कुंभकोणमला आला नाही.

नोव्हेंबर उजाडला आणि कारैक्कालला झेंडा बदलला. कार्तिगै महिन्यात सुंदरेशच्या घरी दुसरा कान टोचायचं ठरलं. तोवर तिसरं वर्ष संपलं होतं, पण सुरू केलेलं काम वर्षात धरलं जातं, असा निकाल सासूनं दिला. दिवस आणि वेळ, दोन्ही मीनाक्षीबाईंनी पाहिलं आणि कृष्णरावांकडून तपासून घेतलं. या वेळी कालवा त्यांनी स्वतः बैलगाडीतून ओलांडला. चौकीत कुणी नव्हतं.

घरात माणसं मावत नव्हती. शिपाईही आला होता, बिनबंदुकीचा. कालव्याकाठचा डबा त्यानं घासूनपुसून आणला होता. सुंदरेश मांडी घालून बसला आणि पाप्पानं पत्तराला ओळखून भोकाड पसरलं. डोकं धरायला शिपाई पुढे सरसावला, पण सुंदरेशनं त्याला थांबवलं आणि दाराकडे पाहिलं.

दारात वेलायुधम उभा होता. आत येऊ की नको, असा. सुंदरेशनं त्याला हाक मारून जवळ बसवून घेतलं. म्हाताऱ्यानं चांगला हात पोरीच्या गालाला लावला आणि न वळणारा हात पलीकडून तसाच ताठ टेकवला. त्या हातामुळे पोरीला मान हलवता येईना, आणि डावा कान टोचून झाला. बाईंच्या मनात आलं, की आडीतच माफी मागितली असती तर दोन्ही कान एका दिवसात झाले असते, आणि हा माणूस या घराची पायरी चढला नसता. त्यांचे डोळे भरून आले. या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत.

पंगत बसली तेव्हा पाहुण्या म्हणून त्यांना पाटावर बसवायला सगळे धावले. त्या बसल्या नाहीत. वाढायची पळी त्यांनी शिवकामीच्या हातातून काढून घेतली आणि सकाळी स्वतः केलेलं सांबार आधी वेलायुधमच्या पानात वाढलं. त्यानं डाव्या हातानं जेवायला सुरुवात केली आणि मीठ कमी आहे म्हणाला. बाईंनी स्वतः मीठ आणून दिलं.