राखेची कबुली

ती घटना आजही डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्यातली एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, घरातही नाही. ती आधीच सांगून टाकतो: पडलेल्या भिंतीचे ब्लॉक धड होते आणि मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात समाजमंदिराची नवी भिंत कोसळली आणि सावलीला बसलेल्या म्हातारीचा पाय मोडला. आम्ही निघण्याआधीच ठाण्यात फोन आला, ब्लॉकवाला सिमेंटात राख मिसळतो म्हणून. भूकंप पाहिलेला हा मुलूख. इथं भिंत पडली की माणसं कोणाचं ऐकत नाहीत. गर्दी तापलेली होती.

स्थळ पंचनाम्याच्या वेळी मी एक ब्लॉक बुटानं उलटा केला. त्याचा कोपराही उडालेला नव्हता. दोन ब्लॉकांमधल्या जोडाचा सिमेंट-वाळूचा माल मात्र बोटानं चोळला तर पिठासारखा गळत होता. पंच गर्दीकडे बघत होते. मी 'राखमिश्रित निकृष्ट ब्लॉक' असं सांगितलं, हवालदारांनी लिहिलं. जोडाबद्दल मी बोललो नाही. आरोपी हाताशी होता आणि गर्दी पांगणार होती.

ब्लॉकवाला तिशीतला, शेतकरी घरातला. शेती भावाकडे सोडून त्यानं यंत्र टाकलं होतं. थोड्या सिमेंटच्या जागी साखर कारखान्याच्या बॉयलरची राख आणि खडीच्या जागी पाडलेल्या घरांचा भरडलेला मलबा तो वापरायचा. नाहीतरी दोन्ही रस्त्याकडेलाच पडून असतं, असं त्याचं म्हणणं.

चौकशीत मी दरडावून विचारलं, "राख घालतोस का नाही?"

"घालतो की, सायेब."

हवालदारांनी कबुली लिहून घेतली. गुन्ह्याची जाहिरात करणारा आरोपी पहिल्यांदाच बघितला, असं म्हणून ते हसले. कारण त्याच्या पाटीवरच 'राखेचे मजबूत ब्लॉक' असं रंगवलेलं होतं.

तो शांतपणे म्हणाला, "लपवून घातली तर भेसळ, सायेब. म्या तर पाटीवर लिवलंय."

मी त्याला गप्प केलं. कोठडी मिळाली.

तपास फिरला तो आमच्या जीपमुळे. जप्त केलेले ब्लॉक जागेअभावी आवारात रचले होते. ड्रायव्हरनं गाडी मागं घेताना एका ब्लॉकवर चाक चढवलं. उतरून पाहिलं तर ब्लॉक जसाच्या तसा. "राख लई कडक हाय, सायेब," तो म्हणाला. सगळं ठाणं हसलं. मला हसू आलं नाही.

नमुने नांदेडला तपासायला पाठवले. ब्लॉक मजबूत निघाले. मग ती भिंत बांधणाऱ्या गवंड्याला बोलावलं आणि या वेळी आवाज न चढवता विचारलं. समाजमंदिराच्या ठेकेदारानं माती मिसळलेली वाळू दिली, सिमेंट हात आखडून दिलं आणि बांधकामावर पाणी मारू दिलं नाही, हे त्यानं सांगितलं. वर मलाच विचारलं, "टँकरचं पाणी माणसं पेतील का भिंत?" पहिला फोनही ठेकेदाराच्याच माणसाचा निघाला. दोषारोपपत्र ठेकेदारावर गेलं. शाबासकी मला मिळाली.

ब्लॉकवाला सुटला. पण त्याला जीपमध्ये घालताना गावानं पाहिलं होतं, सुटताना कोणी पाहिलं नाही. लोक त्याला राख्या म्हणू लागले. गिऱ्हाईक तुटलं, यंत्र विकलं गेलं. पुढं मी नांदेडला घर बांधलं, तेव्हा आलेल्या सिमेंटच्या पोत्यांवर, आत राख मिसळल्याचं सरळ छापलेलं होतं. मी ती निमूट उतरवून घेतली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की पहिला प्रश्न चुकला तर खरं उत्तरही गुन्ह्यासारखं ऐकू येतं. भिंत कशी पडली, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

माझ्या स्वेच्छानिवृत्तीनंतर तो मला नांदेडकडच्या उमरीत भेटला. तिथं दुसऱ्याच्या दुकानात कामाला आहे. त्यानं चहा सांगितला. मीच विषय काढला, तर म्हणाला, "जाऊ द्या, सायेब. म्या काय केलं न्हाई, हे मला ठावं हाय. गावाला कोण सांगणार?"

मी चहा संपवून उठलो. गावाला मी सांगायचं आहे, त्याच समाजमंदिरापुढं उभं राहून, सगळ्यांच्या देखत. ते अजून बाकी आहे.