बापूंनी चाखलेला समुद्र

दमट हवेत बरणीतलं जाडं मीठ ओलं झालं, की त्याला समुद्राचा वास येतो आणि साठेक वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घोंगडी घेऊन उभे असलेले माझे वडील, बापू, मला दिसतात.

मी तेव्हा सोलापुरात मास्तरणीचं शिकत होते. एका कवीच्या कविता मला तोंडपाठ होत्या. रत्नागिरीजवळचं त्याचं घर बघायचंच, असा हट्ट मी धरला. एकटी पोर कशी धाडायची, म्हणून सांगोल्याची मेंढरं आईवर सोपवून बापू सोबत आले. त्या घरातलं आज मला काहीच आठवत नाही.

समुद्रापाशी बापूंनी वहाणा काढल्या, पण लाट आली की ते मागं सरत.

"पाय नगं लावू, पोरी. पिण्याचं पानी हाय."

आमच्या विहिरीवरचा तो रिवाज. मला हसू आलं.

"बापू, हे कुणी पीत न्हाय. खारं असतंय."

त्यांना पटेना. वाकून त्यांनी ओंजळीतलं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग समोरच्या पाण्याकडं हात केला.

"समदं असंच?"

"व्हय."

"तुज्या आईला सांगू नगं."

घरी आईनं समुद्राचं विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लई पानी हाय."

ते पाणी खारं असतं, हे बापूंना तरी मी कशाला सांगितलं, असं आता वाटतं. दुष्काळात ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटी-वाटीनं घागर भरून आणली, की आई दारात टेकून म्हणायची, "समुद्राकडल्या बायकांचं बरं हाय की, दारातच पानी."

बापू घोंगडी उचलून मेंढरांकडं निघून जायचे.