वरच्या खोलीतला पेपर

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दीपूचं रेशनकार्ड शोधत होतो. मुंबईच्या इस्पितळात कुठल्याशा योजनेसाठी ते लागणार होतं, म्हणून आदल्या दिवशी मी एकटाच महाडला परत आलो होतो. तिची सगळी कागदपत्रं परीक्षेसाठी म्हणून आमच्याकडेच असायची. पण पुरानंतर आमच्या घरात कुठली वस्तू कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. हाताला लागत होते ते कागद भिजून पापडासारखे वाळलेले, आणि प्रत्येकाला तोच चिखलाचा वास. फोन उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "शोधतोय भाऊजी, अजून वरचं कपाट बघायचंय." पलीकडे वॉर्डातले आवाज येत होते. ते म्हणाले, "राहू दे आता. नको शोधू." तरीही मी बराच वेळ शोधत राहिलो. कार्ड सापडलं असतं तर भाऊजींना उलटा फोन करून काहीतरी सांगता आलं असतं, असं काहीसं डोक्यात होतं.

दीपाली माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताईची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे एसटी वळून माघारी येते आणि पुढचं अंतर पायांनी कापावं लागतं. भाऊजींची सगळी नोकरी मुंबईत कापडाच्या दुकानात गेली, आता ते वाडीवरच असतात. दीपू कॉलेजला म्हणून महाडला आमच्याकडे आली आणि वरच्या खोलीत राहिली. मध्ये एक वर्ष यूपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात काढून ती परत आली. "का गो, काय झालं?" असं मी विचारलं तर म्हणाली, "मामा, तिथे अभ्यासापेक्षा अभ्यासाबद्दल बोलणं जास्त चालतं. आणि बोलणारा माणूसच पाहिजे असेल तर तू आहेसच की."

हे खरं होतं. माझं बाजारपेठेत चपलांचं दुकान, मागे घर. गिऱ्हाईक कमी आणि तोंड मोकळं, त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या लग्नांच्या आणि भांडणांच्या गोष्टी मी सांगायच्या, असा रिवाज पडून गेला आहे. स्पर्धा परीक्षांचाही मला अनुभव आहे. तरुणपणी मी तलाठ्याची परीक्षा दिली होती. पेपर कळेना म्हणून शेजारच्याच्या पेपरात डोकावलं, तर तो माझ्याच पेपरात डोकावत होता. आम्ही दोघंही नापास झालो आणि पुढे चांगले मित्र झालो. हा प्रसंग मी दीपूला इतक्या वेळा सांगितला की शेवटी शेवटी तीच मला सांगायची, आणि माझ्यापेक्षा चांगला सांगायची.

पूर्वपरीक्षा पास झालेल्यांची पुढे मुख्य परीक्षा होते, म्हणजे मोठे लेखी पेपर, आणि त्यातून निघालेल्यांची मुलाखत. दीपू मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा पोचली होती आणि दोन्ही वेळा तिथे अडली. "येतं सगळं," ती म्हणायची, "पण वेळ संपते मामा. शेवटचे प्रश्न कोरेच राहतात. घरी येताना डोक्यात त्यांचीच उत्तरं चालू असतात." म्हणून ती घरीच तीन तासांचे पेपर लावून लिहायची. त्या तीन तासांत आमच्या घरात मिक्सर बंद, कुकर बंद, आणि मंदा, म्हणजे माझी बायको, मला बोटाने दटावून दुकानात बसवायची. पण मग दीपूच्या लक्षात आलं की घर फार शांत असतं. खऱ्या परीक्षेत पर्यवेक्षक फिरतो, खोकतो, ऐन रंगात आलेल्या उत्तराच्या मध्ये सही मागतो. त्याची सवय हवी. "मामा, तू पर्यवेक्षक हो."

एवढ्या मोठ्या पदावर माझी नेमणूक कधी झाली नव्हती. मी दुकानातली सगळ्यांत जास्त करकरणारी चप्पल निवडली आणि वर गेलो. दोन फेऱ्या मारल्या, खोकलो, तिचं ओळखपत्र मागितलं. फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, परत फोटो बघितला.

"फोटो जुना वाटतो."

"मामा, पर्यवेक्षक बोलत नाहीत."

"हे बोलतात. यांची बदली चिपळूणहून झाली आहे."

ती मान वर न करता लिहीत होती, पण खांदे हलत होते. मग पेन ठेवून तिने मला दाराबाहेर घालवलं आणि आतून कडी लावली. पुढच्या वेळी मात्र मी शहाण्यासारखा वागलो. पेपर झाला की ती उत्तरं मोठ्याने वाचून दाखवायची. मला सगळंच छान वाटायचं, म्हणून माझं मत कोणी धरत नसे. मंदा भाजी निवडता निवडता म्हणायची, "मधे लांबण लावलीस," आणि दीपू मुकाट्याने तेवढं खोडायची.

या खेपेला भाऊजींनी सांगितलं होतं, हे शेवटचं. मग स्थळं बघायची. भाऊजी वाईट नाहीत, फक्त थकले होते. दीपू वाद न घालता हो म्हणाली. मला मात्र जिन्यात म्हणाली, "झालं नाही तर नाही. पण एकदा सगळे पेपर पुरे लिहून बाहेर यायचंय. एकही प्रश्न न सोडता. एवढं एकदा झालं की मी गप लग्न करीन." मी म्हणालो, नवऱ्याला पण तीन तासांत पुरा कर. तिने माझ्या डोक्यात हातातलं मासिक घातलं.

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, ती पास झाली, आणि वाडीच्या मुंबई मंडळाने उत्साहाच्या भरात एसटीच्या वळणावर फ्लेक्स लावला. 'कलेक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार हात जोडून उभे, आणि त्यांच्या मधोमध जिथे जागा उरली तिथे दीपू. पूर्व, मुख्य, मुलाखत असे टप्पे असतात हे वाडीत कोणाला माहीत असणार? आमच्याकडे पास म्हणजे पास. दीपू लाजेने अर्धी झाली आणि समजावून सांगायला मला घेऊन वाडीवर गेली. ताईच्या ओटीवर वाडीतले म्हातारे बाळूआजा आधीच येऊन बसले होते.

"आजा, ही नुसती चाळणी झाली," दीपू म्हणाली, " खरी परीक्षा अजून व्हायची हाय."

"म्हंजे तू कलेक्टर नाय?"

"नाय."

आजांनी थोडा विचार केला. "असूं दे. अर्ज तर लिवशील? आमचा साकव मोडलाय, पोरांना शाळंत जाताना वढ्यात उतरावं लागतं."

तिने तिथेच बसून अर्ज लिहिला. प्रस्तावना, समस्या, कारणं, उपाय, आणि कडेला ओढ्याचा नि मोडक्या साकवाचा छोटा नकाशा. पुढच्या खेपेला त्याच ओटीवर मी आजांना विचारलं, अर्जाचं काय झालं, तर म्हणाले, दिलाच नाही. एवढं झ्याक लिवलेलं सरकारला कशाला द्यायचं, म्हणून देव्हाऱ्यात ठेवलाय. दीपू हसून हसून ओटीवर आडवी झाली. ताई तेवढी हसली नाही. "पोरीचं तोंड रस्त्यावर टांगलंय," ती म्हणाली, "येणारा जाणारा बघतोय. नजर लागंल."

मग सावित्रीला पूर आला. खाली खाडीकडच्या दासगावहून ओळखीच्या माणसाचा फोन आला की भरती लागली आहे, पाणी पुढे सरकत नाही, तेव्हाच आम्ही समजून गेलो. वरची खोली कोरडी राहिली, खाली दुकान बुडालं. पाणी ओसरल्यावर बघतो तर पेठभर माझ्या चपला. लोक आणून देत होते, पण एकेक. मी म्हणालो, दीपू, तू खाली येऊ नकोस, पेपर तोंडावर आलेत. ती साडी खोचतात तशी ओढणी खोचून आलीच. "तुला डावा उजवा कळतो का मामा? तू जोड्या लावणार?" आणि घोटाभर चिखलात अनवाणी बसून तिने दोन दिवस जोड्या लावल्या, टाचेला भेगा पडलेल्या असताना. लावता लावता आपत्ती व्यवस्थापनावरचं उत्तर मला तोंडी ऐकवत होती. मी मध्ये मध्ये, ही आठ नंबरची बघ, असं म्हणत होतो.

पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. वाचून वाचून चढलाय असं आम्ही म्हणालो, तीही तसंच म्हणाली, "पेपर झाले की उतरेल." ताई वाडीवरून मीठ-मिरच्या घेऊन आली आणि तिची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत पडल्या आणि ठसका आला नाही. ताईने माझ्याकडे बघितलं... कोणाला ठसका येत नाही म्हणजे नजर जबर, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. दीपू गादीवरून म्हणाली, "आई, सोबत एक गोळी घेतली तर देव रागावेल का?" गोळीने ताप उतरायचा, परत चढायचा. ती उशाला पुस्तक घेऊन होती. मग पोटऱ्या धरून रडायला लागली आणि मंदाने सकाळच्या उजेडात तिचे डोळे बघितले तर पिवळे. डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, चिखलातून येतो, किडन्यांवर गेलाय, मुंबईला न्या. गाडीत माझा हात धरून ती म्हणाली, "हॉल तिकीट आलं असेल, डाउनलोड कर." मी म्हणालो करतो. आमचं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर ती शुद्धीवर होती-नव्हती, आणि तिथून मी रेशनकार्डासाठी महाडला आलो.

ताईला मी सगळं समजावलं. चिखल, टाचेच्या भेगा, डॉक्टर काय म्हणाले ते. तिने पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोटो मोठा होता रे." त्या फ्लेक्सवर दीपूचाच फोटो सगळ्यांत लहान होता. दहाव्याला मंडळाने त्याच वळणावर दुसरा फलक लावला, श्रद्धांजलीचा. त्यावरही तिच्या नावापुढे कलेक्टर असंच होतं. या वेळी खुलासा करायला कोणी गेलं नाही.

मुख्य परीक्षेचा पहिला दिवस उजाडला, तेव्हा सकाळच्या एसटीने ताई दारात उभी. कोणाला कळवलं नव्हतं. पाणीही न घेता म्हणाली, "पेपर किती वाजता?" मी म्हणालो, "नऊला. आज निबंध." ती जिना चढून वर गेली. मी मागे गेलो तर ती दीपूच्या खुर्चीत बसली होती, हात टेबलावर, समोर काही नाही. ताई तिसरी शिकलेली. मी दार ओढून घेतलं. खाली आलो तर मंदाने मिक्सरचा प्लग काढून ठेवला होता. बारा वाजेपर्यंत घरात कोणी बोललं नाही. दुकानात एक गिऱ्हाईक मोठ्याने भाव करायला लागलं, तर मी त्याला तो म्हणाला त्या भावात चप्पल देऊन टाकली.

संध्याकाळी निबंधाचे विषय मोबाइलवर आले. ताई म्हणाली, वाच. ते हिंदी-इंग्रजीत होते, मी अडखळत मराठीत सांगत गेलो. एकाचा मलाच अर्थ लागला नाही, तर मी दोनदा वेगवेगळा सांगितला.

"ह्यातला कुठला लिवला असता तिनं?"

मी एक दाखवला. गर्दीत माणूस एकटा का पडतो, असा काहीसा होता.

"आला असता तिला?"

"आला असता. पुरा आला असता."

"उद्या कुठला?" ती म्हणाली, आणि मी सांगितल्यावर, "मग मी ऱ्हाते."

ती सगळे पेपर राहिली. मधल्या सुट्टीच्या दिवसांतही वाडीवर गेली नाही, भाऊजींना फोन करून म्हणाली, म्हशीचं तुम्ही बघा. पेपर असेल त्या सकाळी आंघोळ करून वर जायची. दुपारचा दुसरा पेपर असला की खाली येऊन चार घास खायची, कोणाशी न बोलता, आणि परत चढायची. मी जिन्याखाली बसून असायचो. आत काय चाललं आहे ते मला माहीत नाही. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एकदा बराच वेळ नाक ओढल्याचा. वर जावं असं वाटलं, पण गेलो नाही. पेपर चालू असताना मध्ये जात नाहीत.

शेवटच्या दिवशी पाच वाजले तरी दार उघडलं नाही. थोड्या वेळाने ताई जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आली. पदराने तोंड पुसलेलं, केस चापून बसवलेले. मंदा चहा टाकायला उठली. परीक्षेहून आलेल्या माणसाला जे विचारायचं असतं, ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"कसे गेले गो पेपर?"

मंदा तिथेच थांबली. मला जीभ चावावीशी वाटली. ताई शेवटच्या पायरीवर बसली, गुडघ्यावर हात ठेवून, लांबचं चालून आल्यासारखी.

"सगळे लिवले," ती म्हणाली. "येकपन नाय सोडला."